क्रायोकूलर काढता येईल का? नॅनोमटेरियलच्या इन्फ्रारेड डिटेक्टरांबद्दल

एमएस्सी फिजिक्स संपवून पीएचडीच्या तयारीत असलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: “क्वांटम डॉट, ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब वापरून थंड न करता चालणारे थर्मल कॅमेरे येणार, असं मी बरीच वर्षं वाचतोय. मग सैन्याचे चांगले कॅमेरे अजूनही उणे दोनशे अंशांच्या आसपास का थंड करावे लागतात? नॅनोमटेरियलने ही अडचण खरंच सुटते का? आणि मी या विषयात पीएचडी करावी का?”

आधी थेट उत्तर देते. इन्फ्रारेडच्या ३ ते ५ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात ही अडचण बऱ्याच अंशी सुटत चालली आहे. तिथे जड क्रायोकूलरच्या, म्हणजे डिटेक्टरला अतिथंड करणाऱ्या यंत्राच्या, जागी नखाएवढा, नुसत्या विजेच्या प्रवाहाने थंड करणारा थर्मोइलेक्ट्रिक कूलर बसवणं आवाक्यात आलं आहे. ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात मात्र फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरची अडचण जागच्या जागी आहे, आणि पदार्थाचे कण नॅनोमीटरांत आणल्याने ती आपोआप सुटणार नाही. त्याचं कारण नीट समजलं की या क्षेत्रातली कोणतीही बातमी तुम्हाला स्वतःच तोलता येईल, म्हणून तिथून सुरुवात करू.

खोलीच्या तापमानाची, म्हणजे ३०० केल्विनची, कोणतीही वस्तू सर्वांत जोरात साधारण ९.७ मायक्रॉनला प्रकाशते. माणूस, भिंत, ट्रान्सफॉर्मर, सगळं त्याच भागात. १० मायक्रॉनच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.१२४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. हा फोटॉन पकडायचा तर अर्धवाहकाची बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी किमान ऊर्जा, त्याहून किंचित कमी हवी. आता ३०० केल्विनला उष्णतेची स्वतःची ऊर्जा, म्हणजे केटी, ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. गॅप आणि केटी यांच्यात पाचपटीचाही फरक उरत नाही. त्यामुळे बाहेरून एकही फोटॉन आला नाही तरी डिटेक्टरमधले इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेने वर उडत राहतात. हा डार्क करंट, आणि त्याच्या चढउताराचा नॉइज. आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळत असताना शेडमध्ये कुणाची कुजबुज ऐकावी, तशी सिग्नलची गत होते. डिटेक्टर थंड करणं म्हणजे तो पाऊस थांबवणं. दृश्यातून येणाऱ्या सिग्नलमध्ये त्याने कणभरही भर पडत नाही.

हे आकड्यांत बघा. डार्क करंट साधारणपणे ‘उणे गॅप भागिले केटी’ या घातांकाने बदलतो असं धरू. ५ मायक्रॉनपर्यंत बघणारा डिटेक्टर ३०० वरून २०० केल्विनला आणला, तर हा घटक शंभरपटीहून जास्त खाली येतो. २०० केल्विन तीन-चार टप्प्यांच्या थर्मोइलेक्ट्रिक कूलरने मिळतं. त्यात हलणारा भाग नाही, थरथर नाही. पण १० मायक्रॉनच्या डिटेक्टरसाठी तेवढंच थंड केलं तर फायदा जेमतेम अकरापट. ५ मायक्रॉनच्या डिटेक्टरला २०० केल्विनला जी शांतता मिळते, ती १० मायक्रॉनच्या डिटेक्टरला मिळवायची तर १०० केल्विनपर्यंत उतरावं लागतं. तरंगलांबी दुप्पट, तर केल्विनमधलं तापमान निम्मं. हा ढोबळ नियम जवळ ठेवा, कारण पदार्थ कोणताही असो, याच्या बाहेर जाणं फार अवघड आहे.

म्हणूनच १९५९ साली इंग्लंडमध्ये मॅल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड (एमसीटी) हा पदार्थ पुढे आला तेव्हापासून तो बहुधा द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे ७७ केल्विनच्या, आसपास चालवला जातो. इंडियम अँटिमनाइडचंही तसंच. आज नायट्रोजनच्या थर्मासऐवजी स्टर्लिंग कूलर, म्हणजे क्रायोकूलरचाच एक प्रकार, असतो. तो वीज खातो, वजन वाढवतो, थरथरतो, काही हजार तासांनी झिजतो, आणि कॅमेऱ्याच्या किमतीचा मोठा भाग त्याच्यात आणि त्याच्या निर्वात डब्यात जातो. हा भाग काढून टाकण्याची धडपड का चालते, ते यावरून कळेल.

पुढे जाण्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तो मला चांगल्या विद्यार्थ्यांच्याही बोलण्यात दिसतो. लेड सल्फाइडच्या क्वांटम डॉटचे (काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांचे) इन्फ्रारेड कॅमेरे बाजारात आहेत, ते थंड न करता किंवा थोडंसं थंड करून चालतात, आणि त्यांची चित्रं सुंदर येतात. पण ते साधारण १ ते २ मायक्रॉनमध्ये बघतात. ३०० केल्विनच्या वस्तूच्या एकूण प्रारणातला २ मायक्रॉनच्या आतला वाटा सुमारे एक कोटीवा भाग आहे. म्हणजे हे कॅमेरे वस्तूची स्वतःची उष्णता बघत नाहीत, त्यांना सूर्याचा, दिव्याचा किंवा रात्रीच्या आकाशाचा परावर्तित प्रकाश लागतो. सिलिकॉन वेफर तपासायला, फळावरचा मार शोधायला, धुरकट हवेतून बघायला ते उत्तम आहेत. खोलीच्या तापमानाच्या जगाचं थर्मल इमेजिंग त्यांच्याकडून होत नाही. लेड सल्फाइड म्हणजे गॅलेना. याच खनिजाच्या स्फटिकावर जगदीशचंद्र बोस यांनी प्रारण ओळखणारं उपकरण बेतलं आणि १९०४ मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. अर्धवाहक उपकरणाचं ते पहिलं पेटंट मानलं जातं. शंभराहून जास्त वर्षांनी तोच पदार्थ पाच-दहा नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात परत कामाला आला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दुसरी गोष्ट, थंड न करता चालणारा थर्मल कॅमेरा अस्तित्वात आहेच, आणि तो सर्वत्र आहे. सबस्टेशनमध्ये तापलेला जॉइंट शोधणाऱ्या लाइनमनच्या हातात असतो तो मायक्रोबोलोमीटरचा. १९८०च्या दशकात अमेरिकेत हनीवेलने व्हॅनेडियम ऑक्साइडवर हे तंत्र उभं केलं, पुढे फ्रान्समध्ये अमॉर्फस सिलिकॉनवर तसंच झालं. हा डिटेक्टर फोटॉन मोजतच नाही. १२ किंवा १७ मायक्रॉनची एक पातळ चकती दोन बारीक पायांवर निर्वातात तोललेली असते, खाली अडीच मायक्रॉनवर आरसा असतो. प्रारण पडलं की चकती तापते, तिचा रोध अंशाला दोन-तीन टक्क्यांनी बदलतो, आणि तो बदल खालचं सिलिकॉन सर्किट वाचतं. समोरच्या भिंतीचं तापमान एका अंशाने बदललं तर ही चकती काही मिलिकेल्विनने तापते. तरीही कॅमेरा अंशाचा विसावा भाग ओळखतो, म्हणजे चकतीवरचा मिलिकेल्विनच्या निम्म्याहून लहान फरक तो वाचतो. मधूनच ‘टक्’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर थिजतं ना, तेव्हा आतलं शटर बंद होऊन सगळे पिक्सेल पुन्हा जुळवून घेतलेले असतात. या यंत्राबद्दल मला नितांत आदर आहे. नॅनोमटेरियलवाल्या पुष्कळ लेखांत त्याला ‘जुनं, मंद तंत्र’ म्हणून एका ओळीत निकालात काढतात, ते चूक आहे. तुमच्या नव्या डिटेक्टरची तुलना याच्याशी होणार आहे, आणि हा स्वस्त, भरवशाचा आणि वर्षानुवर्षं चालणारा प्रतिस्पर्धी आहे.

त्याची उणीव वेगात आहे. चकतीला तापायला आणि निवायला दहाएक मिलिसेकंद लागतात. पाय बारीक केले तर संवेदनशीलता वाढते पण निवणं आणखी मंदावतं. फिरणारं टर्बाइन, धावतं लक्ष्य, ड्रोनवरून झपाट्याने सरकणारी जमीन, इथे चित्र फरफटतं. शिवाय एखादा वायू ओळखायचा तर अरुंद पट्टीचा फिल्टर लावावा लागतो. फिल्टरमुळे प्रकाश इतका कमी होतो की बोलोमीटरला काही दिसेनासं होतं. मिथेनची गळती ३.३ मायक्रॉनच्या आसपास दिसते. ती दाखवणारे चांगले कॅमेरे म्हणूनच आजही थंड केलेले आणि महाग आहेत. पेट्रोकेमिकल कारखान्यात प्रत्येक युनिटला असा एक कॅमेरा का नसतो, याचं उत्तर त्या कूलरच्या किमतीत आहे. नॅनोमटेरियलने कुठे उपयोगी पडावं असं मला विचाराल, तर पहिलं बोट मी याच जागेवर ठेवेन.

आता मर्क्युरी टेल्युराइडच्या क्वांटम डॉटांकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या गर्दीत सर्वांत भक्कम पायावर तेच उभे आहेत.

ठोकळ्याच्या रूपात मर्क्युरी टेल्युराइडला गॅप जवळजवळ नसतेच, तो सेमीमेटल आहे. पण त्याचे काही नॅनोमीटरचे कण केले की इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि गॅप उघडते. कण जेवढा लहान, गॅप तेवढी मोठी. एकच पदार्थ, एकच फ्लास्क, आणि कण किती वेळ वाढू दिले यावर तुम्ही २ मायक्रॉन, ४ मायक्रॉन किंवा त्यापुढची तरंगलांबी निवडता. शिकागो विद्यापीठात फिलिप गुयो-सियोने यांच्या गटाने २०११ मध्ये या डॉटांचे ५ मायक्रॉनपर्यंत बघणारे डिटेक्टर दाखवले. २०१५ मध्ये त्याच गटाने फोटोव्होल्टाइक रचना केली आणि सुमारे ९० केल्विनला ती पार्श्वभूमीच्या मर्यादेला पोचली, म्हणजे डिटेक्टरचा स्वतःचा नॉइज दृश्यातून येणाऱ्या फोटॉनांच्या नॉइजखाली गेला. त्यानंतर पॅरिस, बीजिंग आणि इतर ठिकाणच्या गटांनी कॅमेऱ्यापर्यंत मजल मारली, आणि थर्मोइलेक्ट्रिक कूलरच्या तापमानाला ३ ते ५ मायक्रॉनची चित्रं घेणं हे आता बऱ्याच गटांचं उघड उद्दिष्ट आहे.

यात सर्वांत मोठा फायदा तापमानाचा नाही, तो बनवण्याच्या पद्धतीचा आहे, आणि हे बातम्यांत क्वचित येतं. नेहमीचा एमसीटी डिटेक्टर कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या महागड्या छोट्या स्फटिकावर एकेक थर चढवून वाढवतात. मग प्रत्येक पिक्सेलवर इंडियमचा ठिपका ठेवून तो स्फटिक सिलिकॉनच्या वाचन-सर्किटवर उलटा दाबून जोडतात. लाखो ठिपके एकाच वेळी नीट बसायला हवेत, शिवाय थंड होताना दोन्ही पदार्थ वेगवेगळे आकसतात. डॉटांच्या बाबतीत हे सगळं टळतं. शाईसारखं द्रावण सरळ सिलिकॉनच्या चिपवर ओतून फिरवायचं, वाळवायचं, वर इलेक्ट्रोड चढवायचा. पिक्सेल लहान करायला इंडियमच्या ठिपक्याची अडचण उरत नाही. कूलर जशाच्या तसा राहिला तरी डिटेक्टरची किंमत उतरते. मी या क्षेत्राकडे आशेने बघते ते मुख्यतः यासाठी.

पण शाई म्हटलं की सोपं वाटतं, आणि तसं ते अजिबात नाही. डॉट द्रावणात तरंगत राहावेत म्हणून त्यांच्यावर लांब सेंद्रिय रेणूंचं वेष्टन असतं. हे वेष्टन विजेला अडवतं, म्हणून ते काढून आखूड रेणू बसवावे लागतात. वेष्टनाच्या या रेणूंना लिगंड म्हणतात, आणि ते बदलण्याच्या या पायरीतच पुष्कळ उपकरणं बिघडतात. थर आकसतो, भेगा पडतात, शॉर्ट होतो. एवढं करूनही कार्बन-हायड्रोजन बंधाचा कंप ३.४ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतो, नेमका आपल्याला हव्या त्या पट्ट्यात. तो नुसता प्रकाश शोषून थांबत नाही, उत्तेजित डॉटची ऊर्जाही गिळतो. म्हणून सेंद्रिय लिगंड जमेल तेवढे घालवून तिथे क्लोराइड, सल्फाइड असे असेंद्रिय लिगंड आणण्याकडे कल आहे. दुसरी चिंता उष्णतेची. निर्वात डबा वायुमुक्त करायला तो तापवावा लागतो, आणि मर्क्युरी टेल्युराइडचे डॉट मध्यम उष्णतेलाही एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात. मग गॅप सरकते आणि डार्क करंट वाढतो. प्रयोगशाळेत आठवडाभर उत्तम चालणारा नमुना आणि पाच वर्षं ऊन-पावसात चालणारं उत्पादन यांच्यातलं अंतर इथेच पडतं. शिवाय पारा आहे. पाऱ्याच्या वापरावर जगभर कडक बंधनं आहेत, आणि ग्राहकोपयोगी वस्तूंत हे डिटेक्टर सहज जाणार नाहीत.

डार्क करंट कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि वाचताना त्याकडे आवर्जून लक्ष द्या. उष्णतेने उडणारे इलेक्ट्रॉन पदार्थाच्या आकारमानाच्या प्रमाणात असतात, सिग्नल मात्र शोषलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात. तेव्हा पदार्थ कमी करून प्रकाश तेवढाच शोषता आला, तर तापमान न उतरवता नॉइज घटतो. पदार्थाचा थर दहापट पातळ केला, खाली आरसा आणि वर धातूची नॅनोरचना ठेवून प्रकाश त्याच थरात कोंडला, आणि शोषण टिकवलं, तर डार्क करंट दहाव्या भागावर येतो आणि नॉइज साधारण तिसऱ्या भागावर. डॉटांच्या थराला हे विशेष मानवतं. त्यातून इलेक्ट्रॉन फार लांब चालू शकत नाहीत, त्यामुळे थर तसाही अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच ठेवावा लागतो. नॅनो शब्दाला खरा अर्थ येतो तो या जोडणीत: नॅनो आकाराचा पदार्थ आणि नॅनो आकाराची प्रकाशरचना. मात्र अशी रचना ठरावीक तरंगलांबीलाच जोरात चालते. रुंद पट्टा हवा असेल तर फायदा घटतो.

ग्राफीनबद्दल मी थोडक्यातच सांगते. एका थराचं ग्राफीन २.३ टक्के प्रकाश शोषतं. एकाच अणूच्या जाडीला हे विलक्षण आहे, पण डिटेक्टरसाठी ते फार कमी. त्याला गॅप नाही, म्हणून डार्क करंट प्रचंड. त्यावर डॉट पसरवून बनवलेल्या संकरित उपकरणाने बार्सिलोनाच्या आयसीएफओ संस्थेत २०१२ मध्ये सुमारे एक कोटी अँपिअर प्रति वॅट एवढा प्रतिसाद दाखवला, आणि २०१७ मध्ये सिलिकॉन सर्किटवर ३८८ × २८८ पिक्सेलचा सेन्सरही आला. काम देखणं आहे, पण ते लेड सल्फाइडचं, म्हणजे कमी तरंगलांबीचं. थर्मल पट्ट्यात ग्राफीनला खरी संधी आहे ती थर्मोपाइल किंवा बोलोमीटरसारख्या, उष्णता मोजणाऱ्या रचनेत.

ब्लॅक फॉस्फरसची गॅप ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे ३ ते ४ मायक्रॉनपर्यंत तो चांगला चालतो. आर्सेनिक मिसळून ही हद्द ८ मायक्रॉनपर्यंत नेता येते. पण हवेतल्या ओलाव्याने तो सडतो, आणि मोठ्या वेफरवर एकसारखा वाढवणं कठीण जातं. स्कॉच टेपने सोललेल्या एका पापुद्र्यावरचा निकाल आणि तीन लाख पिक्सेलचा कॅमेरा यांची तुलना करू नका.

कार्बन नॅनोट्यूब मात्र लक्ष ठेवण्याजोग्या आहेत. त्या बोलोमीटरमधला तापमापक म्हणून वापरल्या जातात, म्हणजे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात, कुठलंही थंड करणं नसताना. जपानच्या एनईसीने २०२३ मध्ये उच्च शुद्धतेच्या अर्धवाहक नॅनोट्यूबचा असा सेन्सर जाहीर केला. नेहमीच्या पदार्थापेक्षा संवेदनशीलता तिपटीहून जास्त, असा कंपनीचा दावा आहे. धातूसारख्या नॅनोट्यूब आणि अर्धवाहक नॅनोट्यूब वेगळ्या करणं ही इथली गुरुकिल्ली. थोड्याही धातूसारख्या नळ्या राहिल्या की रोध तापमानाला नीट दाद देत नाही. चकतीचं वजन कमी झालं की ती लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणजे बोलोमीटरची जुनी उणीवही भरून निघू शकते. ८ ते १४ मायक्रॉनला थंड न करता पुढचं पाऊल पडलं तर ते या वाटेने पडेल, असं मला वाटतं.

शोधनिबंध वाचताना काय बघायचं, ते आता सांगते. पहिल्यांदा नॉइज कसा मिळवला ते शोधा. बरेच लेखक डार्क करंटवरून शॉट नॉइज (इलेक्ट्रॉन एकेक करून येण्याने होणारा चढउतार) कागदावर काढतात आणि त्यावरून डी-स्टार, म्हणजे नॉइजच्या तुलनेत संवेदनशीलता सांगणारा आकडा, छापतात. नॅनोकणांच्या थरांत आणि द्विमितीय पदार्थांत वन-बाय-एफ नॉइज, म्हणजे वारंवारता कमी होईल तसा वाढणारा नॉइज, भयंकर असतो. कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतो, म्हणजे त्याच भागात काम करतो. मोजलेला नॉइज या हिशेबापेक्षा शंभरपटीने जास्त निघू शकतो. वारंवारतेनुसार मोजलेला नॉइज स्पेक्ट्रम निबंधात नसेल, तर डी-स्टारचा आकडा बाजूला ठेवा. दुसरं, स्रोत कोणता होता? लेसरचा बारीक ठिपका आणि तापवलेला ब्लॅकबॉडी, म्हणजे ठरावीक तापमानाचं आदर्श उष्णताप्रारण सोडणारा स्रोत, यांत फार फरक आहे. थर्मल कॅमेऱ्याचा दावा असेल तर मोजमाप ब्लॅकबॉडीनेच हवं. प्रचंड प्रतिसादाच्या आकड्याला भुलू नका, कारण गेन, म्हणजे डिटेक्टरच्या आतच सिग्नल फुगवणं, सिग्नलबरोबर नॉइजलाही वाढवतो आणि बहुधा वेग खातो. तुलनेसाठी एक खूण लक्षात ठेवा: ३०० केल्विनला असलेल्या, उष्णतेवर चालणाऱ्या आदर्श डिटेक्टरची डी-स्टारची कमाल मर्यादा सुमारे २ × १०^१० जोन्स (डी-स्टारचं एकक) आहे. बोलोमीटरसारख्या रचनेसाठी कुणी रुंद पट्ट्यात याहून मोठा आकडा छापला असेल, तर मोजमापात काहीतरी चुकलं आहे.

आता पीएचडीचं. भारतात पाया आहे. आयआयटी मुंबईत गॅलियम आर्सेनाइडवर वाढवलेल्या इंडियम आर्सेनाइड क्वांटम डॉटांच्या इन्फ्रारेड डिटेक्टरांवर दीर्घकाळ काम झालं आहे. ते डॉट निर्वात यंत्रात स्फटिकावर उगवतात, शाईतून येत नाहीत, पण मोजमापाची शिस्त तीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नॅनोकणांच्या रसायनशास्त्राची परंपरा आहे, आणि दिल्लीची सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी व डेहराडूनची आयआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळा या क्षेत्रात आहेत. विषय निवडताना पदार्थाच्या नावापेक्षा प्रयोगशाळेतलं सामान बघा. कॅलिब्रेट केलेला ब्लॅकबॉडी, इन्फ्रारेड खिडकीचा क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारा डबा), एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट मोजणारं यंत्र), कमी नॉइजचा प्रीअँप्लिफायर आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर, हे पाच नसतील तर तुम्ही पदार्थ बनवाल पण डिटेक्टर मोजू शकणार नाही. पाऱ्याचं रसायन असेल तर ग्लव्हबॉक्स, फ्यूमहूड आणि कचऱ्याची लेखी व्यवस्था पहिल्या भेटीतच विचारा, संकोच करू नका.

तुमची ओढ रसायनशास्त्राकडे असेल तर मर्क्युरी टेल्युराइडचे लिगंड आणि त्यांची उष्णता सोसण्याची ताकद, हा प्रश्न घ्या. उपकरणांकडे असेल तर पातळ थरात प्रकाश कोंडणाऱ्या रचना घ्या. पाऱ्यापासून दूर राहायचं असेल तर नॅनोट्यूबचे बोलोमीटर. तिन्हींत चार-पाच वर्षांत ठोस काहीतरी हाती लागू शकतं. ‘खोलीच्या तापमानाला १० मायक्रॉन बघणारा नवा द्विमितीय फोटॉन डिटेक्टर’ असा विषय कुणी सुचवला, तर होकार देण्याआधी त्यांच्याकडून अपेक्षित डार्क करंटचा हिशेब कागदावर मागून घ्या.